औलीच्या वाटेतला देव

बद्रीनाथचं नाव त्या घरात पहिल्यांदा काढलं ते गोकुळनं, आणि काढलं तेही चांगल्या मनानं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या दीड-दोन महिन्यांत जयमालाला नवऱ्याच्या चांगल्या मनाचा जितका राग आला, तितका तो लबाड असता तरी आला नसता.

मूळ बेत साधा होता. जयमाला चिखलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिची मुलगी करिष्मा त्याच शाळेत सातवीत होती. घर्षणाचा धडा चालू असताना जयमालानं वर्गात सांगितलं, की बर्फावर घर्षण फार कमी असतं, म्हणून पायाला लांब पट्ट्या बांधून माणूस उतारावरून घसरत खाली येऊ शकतो. त्याला स्कीइंग म्हणतात. संध्याकाळी घरी आल्यावर करिष्मानं विचारलं, "मम्मी, तू पाह्यला का बर्फ?"

"फ्रिजातला पाह्यला."

"तो नाही. पडलेला."

"नाही."

"मंग तुले काय माहीत घर्षण कमी असते का नाही?"

जयमालाला प्रश्न आवडला. 'पुस्तकात लिहिलंय' हे उत्तर ती स्वतः वर्गात चालू देत नसे. सोयाबीन नुकतंच निघालं होतं आणि खळ्यावर कुटाराचा, म्हणजे मळणीतून उरलेल्या भुश्याचा, मोठा ढीग पडला होता. मायलेकी खताची रिकामी गोणी घेऊन तिकडं गेल्या. करिष्मानं कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला खडा घेऊन ढिगाचा उतार मोजला, मग गोणीवर बसून वरून खाली घसरली. दुपारी कुटार वाळलेलं असताना गोणी सरसर यायची, सकाळी दव असताना अर्ध्यातच रुतायची.

"बर्फाचं उलटं असते," जयमाला म्हणाली. "पट्टीखाली पाण्याचा पातळ थर तयार होते, अन् त्याच्यावरून घसरते."

"म्हणे," करिष्मा म्हणाली.

तो 'म्हणे' जयमालाला लागला. पोरगी उद्धट नव्हती, पण आईच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचं तिनं सोडून दिलं होतं, आणि त्याला कारण होतं. तीन वर्षांमागं दोघींनी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं होतं. सासरे म्हणाले, आधी शेगाव करा, अन् घरातली सगळी मंडळी गाडीत बसली, महाराजांचं दर्शन झालं, महाप्रसाद झाला, आणि गाडी शेगावहूनच परत फिरली. पुढच्या वर्षी समुद्र ठरला, तर वरवट बकालला चुलतनणंदेच्या दिराचं लग्न निघालं आणि बॅगा तिकडं गेल्या. त्या वेळी दहा वर्षांची करिष्मा रडली नाही. "असू दे," एवढंच म्हणाली आणि लग्नात वाढायला उभी राहिली.

त्या दिवशी कुटारात बसूनच जयमालानं शब्द दिला. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी काढायची, उत्तराखंडात औली नावाचं ठिकाण आहे तिथं जायचं, तीन दिवस स्कीइंग शिकायचं आणि परत यायचं.

"कोन कोन?"

"दोघीच."

करिष्मानं केसातलं कुटार झटकलं. "पाहू," ती म्हणाली.

आता घरातून कुठंही जायचं तर पंजाबरावांना विचारायचं, हा नियम. पंजाबराव म्हणजे जयमालाचे सासरे. बक्कळ शेती, भरलेलं घर, आणि घरातलं माणूस शिवेबाहेर जाणार असेल तर ते त्यांच्या तोंडून गावाला कळलं पाहिजे असा स्वभाव. विचारायचं काम गोकुळनं अंगावर घेतलं. सून आणि नात दोघीच बर्फात खेळायला जाणार म्हटलं तर आबा काय म्हणतील हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं डोकं चालवलं.

"आबा, औली आहे ना, ते बद्रीनाथच्या वाटेवरच आहे."

पंजाबराव पान लावत होते. त्यांचा हात थांबला. "बद्रीनाथच्या?"

"हाव. जोशीमठापासून सरळ गेलं की बद्रीनाथ, अन् बाजूले वर औली."

"मंग जाऊ दे ना," पंजाबराव म्हणाले. "चांगलं काम हाय."

गोकुळ हसत खोलीत आला. "झालं तुहं काम. देवाचं नाव घेतलं की आबा पाघळते."

जयमालाही तेव्हा हसली होती.

आठ दिवसांत तिचं हसू गेलं. आधी सासू रुखमाबाई म्हणाल्या, की आता देवाच्या वाटेवर जाताच आहा तर मी पण येते, माहे गुडघे अजून चालतात तोवर. त्यात वावगं काही नव्हतं. मग थोरले दीर गणेशराव म्हणाले, आई येते तर आबाले मांगं कसं ठेवता? आबा येणार म्हटल्यावर त्यांचे भाऊ किसनराव आले, किसनरावांबरोबर त्यांची सून आली, आणि माणसं इतकी झाली की रेल्वेचं काही खरं नाही असं ठरून गणेशरावांनी मित्राची ट्रॅव्हलर गाडी सांगून टाकली. गाडी म्हटली की आचारी आलाच. लग्नात स्वयंपाक करणारे भाऊराव पिठाचं पोतं, तेलाचा पिपा आणि गॅसची शेगडी कुठं बांधायची ते बघायला येऊन गेले.

"मास्तरीणबाई," भाऊराव जयमालाला म्हणाले, "तिकडं बर्फात भाकर थापली त पीठ गोठन का हो?"

"मले काय माहीत," जयमाला म्हणाली. एरवी या प्रश्नावर ती अर्धा तास बोलली असती.

आणि नारळ यायला लागले. देवाला जाणाऱ्याच्या हाती नारळ द्यायचा, म्हणजे देणाऱ्याच्या नावानं तो तिथं फुटतो आणि पुण्याचा वाटा घरी येतो, अशी गावाची रीत. पंजाबराव ओट्यावर बसून नारळ घ्यायचे आणि देणाऱ्याचं नाव मोठ्यानं उच्चारायचे. देवघराच्या कोपऱ्यात नारळांची रास उठली.

जयमाला आपली तयारी करतच होती, हट्टानं. चिखलीच्या बाजारात माकडटोप्या आणि स्वेटर मिळाले, पण ओले न होणारे हातमोजे कुठंच नव्हते. एका दुकानदारानं मोटारसायकलवाल्यांचे हातमोजे 'एकदम वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारले. तिनं ते पाण्यात बुडवून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवले. सकाळी रुखमाबाई ओरडल्या, "काव जया, फ्रिजात हात कोनाचे?" मोजे लाकडासारखे कडक झाले होते. दुकानदार खोटं बोलला होता. तेवढं तरी तपासून कळलं, याचंच तिला बरं वाटलं.

बाकी काहीच तपासून कोणी बघत नव्हतं. आणि इथंच खरी मेख होती. औलीचं हवामान बघताना जयमालानं पहिल्याच दिवशी वाचलं होतं, की बद्रीनाथचं देऊळ दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत बंद होतं आणि उन्हाळ्यात उघडतं. हिवाळ्यात तिथं माणूस राहत नाही, बर्फ पडलेला असतो. पूजा खाली जोशीमठात होते. जानेवारीत बद्रीनाथचं दर्शन होणारच नव्हतं. ज्या बर्फासाठी त्या दोघी जाणार होत्या, त्याच बर्फानं देवळाचं दार लावलं होतं.

हे ती सांगायला गेली नव्हती असं नाही. बैठकीत दोनदा तोंड उघडलं होतं. पण त्या घरात सून पुरुषांच्या बैठकीच्या दारात उभी राहिली, की कोणी ना कोणी म्हणायचं, "बरं झालं आली, चहा टाक." चहा टाकून येईपर्यंत बोलणं उज्जैनला पोचलेलं असायचं. आणि दुसरंही खरं होतं, ते तिला स्वतःला माहीत होतं. सांगितलं तर आबा काय म्हणतील? मे महिन्यात जाऊ. मे महिन्यात देऊळ उघडं आणि औलीला गवत. न सांगितलं तर अख्खी ट्रॅव्हलर बोकांडी. दोन्हीकडून करिष्माचं 'पाहू' खरं ठरत होतं.

शेवटी ती गोकुळवर उखडली. तो हरभऱ्याला पाणी देऊन आला होता, पाय धूत होता.

"तुम्ही सांगा त्यांले देऊळ बंद आहे म्हणून."

"मी? आता?" गोकुळ म्हणाला. "नारळ किती आले पाह्यले नाही का तू? आबाची इज्जत जाईन."

"अन् माही?"

"तुही कायची जाते?"

"पोरीसमोर माह्या शब्दाची काय किंमत राह्यली ते विचारा तिले."

"अवं, ती येऊनच राह्यली ना? बर्फ तिले दिसनच. सगळ्यांसोबत जाऊ, मजा येते. तू एवढी काऊन तापून राह्यली?"

"तुम्ही ते बद्रीनाथ काऊन काढलं मधात? सरळ विचारता नाही आलं? बायको अन् पोरगी स्कीइंग शिकाले चालल्या, एवढंच वाक्य होतं!"

"तसं विचारलं असतं त 'हो' म्हटलं असतं का आबानं?"

"'नाही' म्हटलं असतं! मंग मी भांडली असती! भांडू त द्याचं होतं मले!"

गोकुळनं पायावर आणखी एक तांब्या ओतला. पाय केव्हाचे स्वच्छ झाले होते.

रविवारी बैठक भरली. गणेशरावांनी मार्ग ठरवून आणला होता आणि तो वाचून दाखवायचा होता. सगळे जमले: पंजाबराव लोडाला टेकून, किसनराव खुर्चीत, भाऊराव उंबऱ्याजवळ, गोकुळ खांबाला टेकून. आतल्या दाराशी रुखमाबाई आणि थोरली जाऊ पुष्पांजली. करिष्मा अभ्यासाची वही घेऊन पायरीवर बसली होती.

"पयले शेगाव," गणेशराव म्हणाले. "महाराजाले नारळ फोडून निघाचं. मंग ओंकारेश्वर, उज्जैन. मंग मथुरा. मंग हरिद्वारले गंगास्नान, अन् तिथून बद्रीनाथ. येताना..."

"माहं स्कीइंग कुठं आहे, मोठे पप्पा?" करिष्मानं विचारलं.

"आहे ना बेटा. बद्रीनाथहून उतरताना औलीले थांबू. तासभर."

"तासभर?"

"त काय दिवसभर बर्फात लोळतं? फोटो काढाचे अन् निघाचं. आजीले थंडी बाधन."

पुष्पांजली हसली. "तासभर लय झाला. नाक गळते त्या थंडीनं. तुह्या मम्मीनं तर फ्रिजात हातमोजे ठेवून प्रॅक्टिस केली."

सगळे हसले. करिष्मा हसली नाही. तिनं वही मिटली, उठली आणि आईजवळून जाताना अगदी शांतपणे म्हणाली, "असू दे."

जयमालाच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं बैठकीच्या मधोमध, सतरंजीवर ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "बद्रीनाथ बंद आहे."

"काय बंद हाय?" पंजाबराव म्हणाले.

"देऊळ. दिवाळीपासून बंद आहे. उन्हाळ्यात उघडते."

"देव बंद राह्यते का कुठी?"

"देव खाली येते. जोशीमठात पूजा होते हिवाळाभर. वर कोणीच राहत नाही. रस्त्यावर बर्फ असते."

"तुले कोनं सांगतलं?"

"गणेशभाऊंच्या हातात फोन आहे. पाहा म्हणा त्यांले."

गणेशरावांनी फोन पाहिला. पाहत राहिले. उंबऱ्याजवळ भाऊरावांना हसू आवरेना, त्यांनी उपरण्यात तोंड घातलं. "म्हनजे आपण नारळ घेऊन बंद दरवाज्यापाशी उभे राह्यलो असतो बर्फात," ते म्हणाले, "अन् मी तिथी भाकरी थापत."

"तू गप," किसनराव म्हणाले.

"खरं हाय बा," गणेशराव पुटपुटले. "बंदच हाय."

पंजाबरावांनी सुनेकडं पाहिलं. "तुले कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् सारं गाव नारळ देत होतं तेव्हा गंमत पाहत बसली?"

"तोंड उघडलं की चहा मागत होते सगळे."

"पन आत्ता कसं बोलता आलं? तसं तेव्हा नाही आलं?"

याला तिच्याकडं उत्तर होतं, आणि ते तिच्या बाजूचं नव्हतं. तरी तिनं दिलं. "आलं असतं. नाही बोलली. कारण बोलली असती त तुम्ही मे महिना म्हटलं असतं."

"त म्हनतोच हाय!" पंजाबरावांनी मांडीवर हात आपटला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. वाट सापडली होती. "मे महिन्यात जाऊ. उन्हाळ्यात कामंबी नसते. गाडी मेची सांग, गणेश. नारळ वाळले त बदलून घेऊ. झालं, मिटलं."

"मिटलं नाही," जयमाला म्हणाली.

"काय?"

"तुम्ही मेमध्ये जा. सगळे जा. आत्याबाईंले गुडघे सांभाळून नीट न्या, दर्शन करा. मी अन् करिष्मा जानेवारीत जातो."

"दोघीच?"

"हाव. दोघीच. पहिल्यापासून दोघीच होतो."

आता पंजाबरावही चढले. "या घरात एकट्यानं कोनं कधी काही खाल्लं नाही, जयमाला. आंबा आला त अख्ख्या घरात चिरला. तू एवढी शिकली, अन् तुले दोघीदोघीनं तोंड गोड कराचं?"

"आंबा नाही हो तो!" तिचा आवाज फाटला, आणि फाटला याचाही तिला राग आला. "माह्या पोरीले शब्द दिला होता मी. चिखलदऱ्याचा दिला, तो शेगावात गेला. समुद्राचा दिला, तो वरवट बकालच्या मांडवात गेला. ती काय म्हणाली ऐकलं का आत्ता कोणी? बारा वर्षांची पोरगी 'असू दे' म्हणते! माह्या वर्गात एखादी पोरगी अशी गप्प बसली त मी तिच्या माय-बापाले बोलावून घेते. इथं कोणाले बोलावू?"

ती गोकुळकडं वळली. "तुम्ही बोला. तुम्हीच काढलं होतं ना बद्रीनाथ?"

गोकुळनं खांबाचा आधार सोडला, परत घेतला. "आबा म्हणतात तेही..." तो म्हणाला. "म्हणजे तू म्हणते तेही..."

"बस झालं," जयमाला म्हणाली.

"जाचं असन त जा," पंजाबराव म्हणाले. "पन या घरातून कोनी तुम्हाले पोचवाले येनार नाही. अन् मी कोनाले सांगनारबी नाही तुम्ही कुठी गेल्या ते."

"नका सांगू," ती म्हणाली. "चहा थंड होऊन राह्यला."

पुढचे दिवस घर तिच्याशी ताटापुरतं बोललं. पुष्पांजली भांडी आपटायची, जयमालाही आपटायची. नारळ मेपर्यंत टिकायचे नाहीत म्हणून शेगावला नेऊन फोडले. गोकुळ रात्री पाठ करून झोपायचा आणि सकाळी शेतात निघून जायचा. जयमालानं पुण्याच्या एका मैत्रिणीकडून चांगले हातमोजे मागवले, पाण्यात बुडवून परत फ्रिजात ठेवले, आणि या वेळी रुखमाबाईंनी काही न विचारता दुधाचं पातेलं बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली. ते पाहूनही जयमालाचा राग कमी झाला नाही. त्या दिवशी बैठकीत एक शब्द बोलला असतात तर, असंच तिच्या मनात आलं.

निघायच्या सकाळी दोघी बॅगा घेऊन फाट्यावर आल्या. गोकुळ तुरीच्या वावरात होता. मोटारसायकल घेऊन येणं त्याला पाच मिनिटांचं काम होतं. चिखलीची जीप मिळाली, तिथून बुलडाण्याची बस, आणि बुलडाण्याहून मलकापूरची. मलकापूरहून रेल्वे होती. करिष्मानं खिडकी धरली होती. बस राजूरच्या घाटात उतरायला लागली तेव्हा ती वळणं मोजल्यासारखी खाली बघत होती. तिला अजून वाटत होतं, की मलकापूर येण्याआधी कोणीतरी फोन करेल आणि गाडी वळेल.

फोन आला. गोकुळचा.

"कुठवर पोचल्या?"

"घाटात."

"बरं," तो म्हणाला. "आबा म्हणत होते, हरिद्वारवरून जाणारच आहा त एक कॅन गंगेचं पाणी आणजो. मोठा नको, पाच लिटरचा. आल्यावर मावंदं करू म्हणतात. गाव जेवू घालू. म्हणजे लोकांलेही सांगता येईन, सून गंगेवर गेली होती म्हणून. आबाचा राग गेला समज. तू फक्त पाणी आण."

जयमालानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिला सगळं दिसलं. दारात मांडव, भाऊरावांची चूल, पाण्याच्या कॅनला हळदकुंकू. बाया तिच्या पाया पडताहेत, गंगेहून आली म्हणून. आबा ओट्यावर बसून सांगताहेत, आमची सून, आमची नात, हरिद्वार करून आल्या. त्यात पायाला पट्ट्या बांधलेली पोरगी कुठंच नव्हती. पाच लिटर पाण्यात सहल अख्खी बुडत होती, आणि या वेळी तर ती परत आल्यावर बुडणार होती.

"ऐकून राह्यली ना?" गोकुळ म्हणाला. "चांगल्या मनानं म्हणून राह्यले ते."

"माहीत आहे," जयमाला म्हणाली. "नाही आणणार."

"अवं, एवढंसं पाणी..."

"आम्ही स्कीइंग शिकाले चाललो. आबाले हे सांगा. गावालेही हेच सांगा. कोणी विचारलं त हेच वाक्य. पाणी नाही आणणार."

"जया, राग किती दिवस..."

"मले नाही माहीत," ती म्हणाली आणि फोन बंद केला. जोरात बंद करता येईल असं फोनमध्ये काही नसतं, याचाही तिला त्या क्षणी संताप आला. तिनं तो पर्समध्ये आपटला.

करिष्मा आता खिडकीकडं बघत नव्हती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पप्पाले वाईट वाटलं असन," ती म्हणाली.

"वाटू दे."

"आबालेही."

"वाटू दे!"

करिष्मानं पायाशी ठेवलेल्या बॅगेवरचा हात काढला, पाय सीटवर घेऊन मांडी घातली आणि आईकडं तोंड करून बसली.

"मम्मी, तिथं पडली त उठाचं कसं? त्या पट्ट्या त पायात अडकन ना."

"माहीत नाही," जयमाला म्हणाली. तिचे कान अजून तापलेले होते. "मी कधी पडली नाही."

"मंग पडून पाहू," करिष्मा म्हणाली.

बस घाट उतरून सपाटीला लागली. जयमालाला अजून राग होता, आणि निदान रेल्वेत बसेपर्यंत तो तिला जायला नको होता.